पुरवठादाराची विश्वासार्हता आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

परदेशातील पुरवठादारांकडून सुटे भाग करवून घेणाऱ्या कारखानदारांसाठी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक नवे शास्त्र तयार झाले आहे. व्यवस्थापनाच्या संस्थांत ते शिकवले जाते आणि त्याचे सल्लागार तासाच्या हिशेबाने पैसे घेतात. या शास्त्राचे सार थोडक्यात असे : जपानी माणसाचे ‘हाय’ म्हणजे होकार नव्हे, ‘ऐकले’ एवढाच त्याचा अर्थ, चिनी माणूस चारचौघांत मान जाऊ नये म्हणून चूक लपवतो, इटालियन माणसाला तारखेचे सोयरसुतक नसते, आणि भारतीय माणूस ‘नाही’ हा शब्द उच्चारतच नाही, तो मान डोलावतो आणि मुदत उलटल्यावर अडचण सांगतो. तेव्हा पुरवठादार भरवशाचा नसेल तर दोष त्याच्या संस्कृतीत शोधावा, आणि आपली उत्पादनप्रक्रिया अशी आखावी की त्या संस्कृतीचा उपद्रव कमीत कमी व्हावा.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, आणि हे शास्त्र बरीच वर्षे हसण्यावारी नेले. दोन वर्षांपूर्वी भोसरीत छोटा कारखाना चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, तेव्हापासून मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही. लेथवर तयार होणारे काही भाग तो एका परदेशी कंपनीला पुरवतो. त्याचा एक संपूर्ण लॉट नाकारला गेला. त्यानंतर त्या कंपनीने आपल्या भारतीय पुरवठादारांसाठी दोन दिवसांचे शिबिर घेतले. विषय होता ‘स्पष्टपणे नाही कसे म्हणावे’. विद्यार्थी म्हणाला, “सर, मागच्या वर्षी मी नाहीच म्हणालो होतो. नवीन ड्रॉइंगप्रमाणे माल सहा आठवड्यांत देता येणार नाही, गेज बनवायलाच चार आठवडे लागतील, असं लेखी कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा तयार आहे. मग मी हो म्हणालो. आता तेच मला नाही म्हणायला शिकवतात.”

एका माणसाच्या तक्रारीवरून सिद्धान्त काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. म्हणून ती तक्रार क्षणभर बाजूला ठेवू आणि जगभर ज्याची नोंद झाली, ज्यावर अभ्यासकांनी व चौकशी मंडळांनी पुष्कळ लिहिले, असे एक मोठे उदाहरण तपासून पाहू. ते म्हणजे अमेरिकेतील बोइंग कंपनीच्या ७८७ ‘ड्रीमलायनर’ विमानाचे.

जोखीम वाटली, अधिकार वाटला नाही

या विमानाची योजना २००४ साली जाहीर झाली. पूर्वीच्या विमानांत बोइंग स्वतः बराचसा भाग बनवत असे आणि बाहेरच्यांना आपल्या नकाशाबरहुकूम काम देत असे. ७८७ च्या बाबतीत विमानाचा सुमारे ७० टक्के भाग बाहेरच्या कंपन्यांनी नुसता बनवायचा नव्हे, तर त्याची तपशीलवार रचनाही करायची, असे ठरले. पंख जपानच्या मित्सुबिशीने करायचे. ते पंख ज्याला जोडायचे ती मधली पेटी फुजीने करायची. धडाचा पुढचा एक तुकडा कावासाकीने. धडाचे मधले तुकडे दक्षिण इटलीत ग्रोताल्ये येथे, शेपटाकडचे तुकडे अमेरिकेतीलच साउथ कॅरोलिना राज्यात चार्ल्स्टनला, आणि नाकाडाचा भाग विचिटाला. हे अवाढव्य तुकडे खास फुगवटा दिलेल्या ७४७ विमानांत घालून वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेटला आणायचे आणि तेथे तीन दिवसांत विमान जोडून मोकळे व्हायचे, अशी ही योजना होती.

यामागचा हिशेब तंत्रज्ञानाचा कमी आणि भांडवलाचा अधिक होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ख्रिस्तोफर टँग आणि त्यांचे सहकारी जोशुआ झिमरमन यांनी २००९ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकासाचा खर्च दहा अब्ज डॉलरवरून सहा अब्जांवर आणि कालावधी सहा वर्षांवरून चार वर्षांवर आणण्याचा कंपनीचा मानस होता, असे त्यात नोंदले आहे. या पुरवठादारांना ‘जोखमीतील भागीदार’ असे भारदस्त नाव दिले गेले. विकासाचा खर्च त्यांनी आपल्या खिशातून करायचा आणि तो विमान ग्राहकाच्या हाती पडल्यानंतर वसूल करायचा. शब्द भागीदारीचा होता. तथापि मुदत ठरवणारा, जोडणीची पद्धत ठरवणारा आणि शेवटचा शब्द उच्चारणारा पक्ष एकच राहिला.

धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती असे नाही. खुद्द बोइंगमधील एक ज्येष्ठ अभियंता एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी २००१ सालीच कंपनीच्या अंतर्गत परिषदेत एक निबंध वाचला होता. काम बाहेर दिले की त्याबरोबर नफाही बाहेर जातो; आणि मुख्य कंपनीने पुरवठादाराच्या कारखान्यात आपली माणसे, आपले तंत्रज्ञान व आपला वेळ गुंतवला नाही तर सर्वांत दुबळ्या पुरवठादाराची कुवत हीच तिचीही कुवत ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु कारखान्याच्या जमिनीवरून आलेला आवाज समभागांच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या संचालकांच्या दालनात पोचत नाही, हा सर्वत्रचाच अनुभव आहे.

८ जुलै २००७ रोजी एव्हरेटला मोठा सोहळा झाला आणि विमान जगाला दाखवले गेले. ते बाहेरून पूर्ण दिसत होते. आत बहुतेक पोकळ होते. जोडणीसाठी लागणारे खास फासनर बाजारात मिळत नव्हते, म्हणून अनेक ठिकाणी तात्पुरते बसवलेले होते. तुकडे पूर्ण होऊन यायचे होते. ते तारा, नळ्या आणि यंत्रणांवाचून अर्धवट आले होते, आणि कोणते काम झाले व कोणते राहिले याची कागदपत्रेही धड नव्हती. त्याच वर्षी व्हायचे पहिले उड्डाण १५ डिसेंबर २००९ रोजी झाले. २००८ च्या मे महिन्यात द्यायचे पहिले विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला २०११ च्या सप्टेंबरात मिळाले. ‘सिअ‍ॅटल टाइम्स’ने त्या वर्षी केलेल्या अंदाजानुसार या विमानावरचा खर्च तोवर ३२ अब्ज डॉलरच्या घरात गेला होता. चार अब्ज वाचवायला निघालेल्यांनी केलेली ही बचत!

संस्कृतीचा साक्षीपुरावा

आता ज्याला संस्कृतिभेद म्हणतात त्याची या प्रकरणातील साक्ष काढू. सर्व पुरवठादारांची प्रगती एका ठिकाणी कळावी म्हणून बोइंगने संगणकावर एक सामाईक व्यवस्था उभारली होती. प्रत्येकाने आपली स्थिती तीत नोंदवायची होती. टँग व झिमरमन सांगतात की, सांस्कृतिक भिन्नतेमुळे दुसऱ्या व तिसऱ्या फळीतील काही पुरवठादारांनी तीत खरी आणि वेळेवर माहिती भरली नाही. परिणामी पहिल्या फळीला आणि बोइंगलाही अडचण वेळीच कळली नाही. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे वाक्य आवडीने उद्धृत होते. मला मात्र त्यातील ‘सांस्कृतिक’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते. उशीर झाला हे नोंदवले तर पुढचे काम जाण्याची भीती आहे, पैसे अडकून पडले आहेत, आणि आपण नोंदवलेले प्रतिस्पर्ध्याच्याही कानी जाईल अशी शंका आहे. अशा स्थितीत खरे लिहिण्यास टाळाटाळ करायला जपानी वा इटालियनच असावे लागते काय? वार्षिक उद्दिष्टाचा तक्ता भरणारा आपला सरकारी कारकून किंवा परीक्षेच्या निकालाची टक्केवारी कळवणारा मुख्याध्यापक याहून वेगळे काय करतो?

दुसरी साक्ष अधिक बोलकी आहे. या साऱ्या साखळीतील सर्वांत अडचणीचा दुवा कोणता ठरला? चार्ल्स्टनला शेपटाकडचे तुकडे बनवणारी व्हॉट ही कंपनी. तिचे मुख्य कार्यालय टेक्सास राज्यात. भाषा इंग्रजी, धर्म, सण, शिष्टाचार सारे बोइंगसारखेच. परंतु नवा कारखाना आणि बहुतांश नवे कामगार घेऊन, कोणी पूर्वी न केलेले काम तिने अंगावर घेतले होते आणि त्यासाठी लागणारे भांडवल तिच्यापाशी नव्हते. अखेर २००९ साली बोइंगला तो कारखानाच विकत घ्यावा लागला. उलट मित्सुबिशी, कावासाकी व फुजी या जपानी कंपन्या भाषेने आणि रीतिरिवाजाने सर्वांत दूरच्या. पण त्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ७६७ व नंतर ७७७ विमानांची कामे बोइंगबरोबर करीत आल्या होत्या. त्यांनी मुदती तुलनेने पाळल्या. संस्कृतीतील अंतर हेच अविश्वासार्हतेचे कारण असेल, तर हा क्रम उलटा लागायला हवा होता.

दोष परदेशी कारखान्यांत नव्हतेच, असे माझे म्हणणे नाही. ग्रोताल्ये येथील धडाच्या आवरणावर सुरकुत्या आढळल्या आणि २००९ च्या जूनमध्ये तेथील उत्पादन थांबवावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याच महिन्यात पंख व धड यांच्या सांध्यावर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येतो असे उघडकीस आले आणि ठरलेले उड्डाण पुन्हा लांबले. ती चूक रचनेतली होती. २०२० साली चार्ल्स्टनच्या, म्हणजे आता बोइंगच्याच मालकीच्या कारखान्यात तयार झालेल्या तुकड्यांच्या सांध्यांत मापाबाहेरच्या फटी सापडल्या. मर्यादा होती एका इंचाच्या पाच सहस्रांशाची. त्या दोषांपायी पुढे २०२१-२२ मध्ये वर्षाहून अधिक काळ नवी विमाने देणेच थांबले. कारखाना स्वतःचा, माणसे स्वदेशी, संस्कृती एक. फट मात्र राहिलीच.

बॅटरीचेही तसेच. २०१३ च्या जानेवारीत बोस्टनच्या विमानतळावर आणि पाठोपाठ जपानमध्ये अशा दोन विमानांतील बॅटऱ्या पेटल्या वा धुमसल्या, आणि जगातील सर्व ड्रीमलायनर जमिनीवर उतरवावी लागली. त्यांत आपल्या एअर इंडियाची विमानेही होती. बॅटरी क्योतोची, तिची यंत्रणा एका फ्रेंच कंपनीची, विमान अमेरिकेचे. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात बॅटरी बनवणाऱ्याबरोबरच तिच्या धोक्याचा अंदाज चुकवणाऱ्या बोइंगवर आणि तो अंदाज मान्य करणाऱ्या सरकारी यंत्रणेवरही ठपका ठेवला. या विमानाचा उल्लेख आला की १२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिची कारणे हा या लेखाचा विषय नाही, आणि त्या शोकाचा आधार मी माझ्या प्रतिपादनासाठी घेणार नाही.

कामगाराने काय सांगितले होते?

या कथेत आणखी एक पात्र आहे, जे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बहुधा ‘अडथळा’ म्हणून येते. २००८ च्या सप्टेंबरात बोइंगचे सुमारे २७ हजार यंत्रकामगार संपावर गेले आणि तो संप जवळजवळ आठ आठवडे चालला. वेतनाच्या मागण्या होत्याच. परंतु वादाचा गाभा होता कामाच्या शाश्वतीचा आणि बाहेर दिल्या जाणाऱ्या कामाचा. आम्ही वर्षानुवर्षे जे कौशल्य कमावले ते दूर फेकून तुम्ही विमान बनवू शकणार नाही, हे ते सांगत होते. अर्धवट आलेल्या तुकड्यांची कामे एव्हरेटच्या याच कामगारांना उस्तरावी लागत होती, म्हणून ते अधिकाराने सांगत होते.

याचे उत्तर कंपनीने काय दिले? २००९ च्या सप्टेंबरात चार्ल्स्टनच्या कामगारांनी मतदान करून युनियन सोडली आणि पुढच्याच महिन्यात बोइंगने आपली दुसरी जोडणी-शाखा तेथे नेण्याचे जाहीर केले. संपाचा सूड म्हणून हे केले असा ठपका ठेवून अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या वतीने २०११ साली फिर्याद दाखल झाली. वर्षअखेरीस कंपनी व युनियन यांच्यात समझोता झाल्यावर ती मागे घेण्यात आली. २०११ च्या आरंभी बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी मात्र एका भाषणात जाहीर कबुली दिली की, आपण काम प्रमाणाबाहेर बाहेर दिले, आणि ते निस्तरण्यासाठी झालेला खर्च ते घरात ठेवण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ अधिक झाला. जे कामगार रस्त्यावर उभे राहून सांगत होते, तेच सव्वादोन वर्षांनी साहेबांनी व्यासपीठावरून सांगितले.

‘जपानी संस्कृती’ नावाचे कोडे

यावर एक आक्षेप येईल. पुरवठादार आणि मुख्य कंपनी यांच्यातील विश्वासाचे उदाहरण म्हणून जपानकडे सारे बोट दाखवतात. मग तेथे संस्कृतीचाच प्रभाव मानायला नको काय?

उदाहरण खरोखरच थक्क करणारे आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे कारिया येथील आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमध्ये लागणारा एक लहानसा झडपेचा भाग जवळजवळ सर्व तेथेच बने, आणि टोयोटाकडे त्याचा साठा फारच थोडा होता. टोयोटाचे कारखाने बंद पडले. ते कित्येक आठवडे बंद राहतील असे वाटत असता, दोनशेच्या आसपास कंपन्यांनी आपापली यंत्रे या एका भागासाठी लावली आणि आठवडाभरात उत्पादन बहुतांशी पूर्ववत झाले. त्यांतील कित्येकांनी ब्रेकचा भाग पूर्वी कधी बनवला नव्हता. भाव काय, नकाशांचा हक्क कोणाचा, याची घासाघीस कोणी आधी केली नाही. निशिगुची आणि बोदे या अभ्यासकांनी हा प्रसंग तपशिलाने नोंदवला आहे.

हे रक्तातून येते काय? तसे असते तर १९५० साली टोयोटात कामगारकपातीवरून कडवा संप झाला नसता आणि कंपनीच्या संस्थापकाला अध्यक्षपद सोडावे लागले नसते. तसे असते तर मोठ्या कंपन्यांनी उपकंत्राटदारांचे पैसे थकवू नयेत आणि ठरलेला भाव मागाहून कापू नये यासाठी जपानला १९५६ साली खास कायदा करावा लागला नसता. तो पुढे वेळोवेळी बळकटही करावा लागला. ज्या गुणाला आपण ‘जपानी वृत्ती’ म्हणतो त्याच्या तळाशी हरलेले-जिंकलेले लढे आहेत, कायदे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले व्यवहार आहेत. आज आपण मदत केली तर उद्या आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाहीत, हा अनुभव आधी, वृत्ती नंतर.

याची कसोटी योगायोगाने अमेरिकेतच लागली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे व सदोष माल यांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ साली बंद पडला. टोयोटा व जनरल मोटर्स यांनी तेथे ‘नूमी’ या नावाने संयुक्त कंपनी काढून १९८४ साली उत्पादन सुरू केले. घेतलेल्या कामगारांपैकी बहुसंख्य त्याच जुन्या कारखान्यातले होते आणि त्यांची युनियनही तीच होती. काही वर्षांतच हा कारखाना गुणवत्तेत जपानी कारखान्यांच्या तोडीला आला. माणसे तीच, देश तोच, बिघडलेल्या सवयीही त्याच. बदलले काय? साखळीवर काम करणाऱ्या कोणाही कामगाराला चूक दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा, आणि ती निस्तरेपर्यंत साखळी थांबवण्याचा अधिकार मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करारात असे कलम घातले गेले की, मंदी आली तर कामगार काढण्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी केले जातील आणि बाहेर दिलेले काम आत आणले जाईल. दोरी ओढणारा हात नोकरीच्या शाश्वतीवर उभा होता. नुसती दोरी टांगून हे साधत नाही. नोकरी जाण्याची भीती कायम असेल तर दोरी नुसती लोंबकळत राहते.

टोयोटाची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने १९७२-७३ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटात राबून लिहिलेले पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्या साखळीचा वेग माणसाला कसा पिळून काढतो हे ठाऊक आहे. विश्वासाचे वर्तुळ कायम कामगारांपुरते आणि वरच्या फळीच्या पुरवठादारांपुरते. त्याबाहेर हंगामी कामगार आणि शेवटच्या फळीतील लहान कारखानदार. परंतु त्यामुळे मुद्दा कमकुवत होत नाही. जेथवर शाश्वती पोचली तेथवर विश्वासार्हता पोचली; जेथे शाश्वती संपली तेथे तीही संपली.

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांना प्रश्नावल्या देऊन १९८० साली राष्ट्रीय संस्कृतींवरचा आपला गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांनी वापरलेली एक कल्पना होती ‘सत्तेतील अंतर’. त्यांनी हे अंतर देशादेशांच्या मनोवृत्तीत मोजले. मला वाटते, ते आधी कराराच्या कलमांत मोजावे : पैसे किती दिवसांनी मिळतात, नकाशा बदलल्याचा खर्च कोण सोसतो, नाकारलेल्या मालाचा निवाडा कोण करतो, आणि ‘नाही’ म्हटल्याची शिक्षा काय. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की मनोवृत्तीचे कोडे बरेचसे आपोआप सुटते. भाषा आणि शिष्टाचार यांतील भेद खरे आहेत; त्यांतून गैरसमजही होतात. परंतु बरोबरीच्या माणसांत झालेला गैरसमज एका संभाषणात मिटतो. मालक-चाकरांत झालेला गैरसमज लॉट नाकारला जाईपर्यंत झाकून राहतो.

आपल्या दारातला प्रश्न

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजण्याचे कारण नाही. याच ७८७ विमानाच्या तळाला लागणाऱ्या संमिश्र द्रव्याच्या तुळया नागपूरच्या मिहानमध्ये बनल्या आहेत. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर येथील हजारो लहान कारखाने आज कोणाचे ना कोणाचे ‘परदेशी पुरवठादार’ आहेत. दरवर्षी भाव काही टक्के कमी करण्याचे कलम करारात असते. कच्च्या मालाचा भाव वाढो वा न वाढो. आपल्याकडील २००६ चा लघुउद्योगांविषयीचा कायदा ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घालतो, पण परदेशी खरेदीदारावर त्याची मात्रा चालत नाही, आणि देशी खरेदीदाराविरुद्ध तक्रार करणाऱ्याला पुढचे काम मिळण्याची खात्री नसते.

मग तो कारखानदार काय करतो? जी जोखीम त्याच्या गळ्यात घातली गेली तीच तो पुढे सरकवतो. त्याच्या लेथवर आणि तपासणीच्या टेबलावर कंत्राटी मुले येतात. काही महिन्यांनी ती बदलली जातात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यापासून पुढे नेऊन ठेवली. गेजवर भाग बसत नाही हे अशा मुलाला दिसले तर तो कोणाला सांगेल? सांगितले तर पाळीचे उत्पादन कमी भरणार, सुपरवायझर ओरडणार, आणि महिनाअखेरीस फाटकावरचा रखवालदार त्याला आत सोडणार नाही. तो गप्प राहतो. त्याचे मौन कारखानदाराच्या होकारात मिसळते, तो होकार समुद्र ओलांडतो, आणि पलीकडे गेल्यावर त्याला नाव मिळते ‘भारतीय संस्कृती’.

डाव्या चळवळीत आपण लघुउद्योजकाकडे बहुधा मालक म्हणून पाहत आलो. तो मालक आहेच. किमान वेतन बुडवणाऱ्याला तो लहान आहे म्हणून सूट देता येणार नाही. पण वरून दाबला जाणारा आणि खाली दाबणारा अशी त्याची दुहेरी स्थिती समजून घेतल्याशिवाय त्याच्या कारखान्यातील कामगारांची संघटना बांधता येणार नाही. वेतनवाढीची मागणी घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला तो दर-कपातीचे पत्र दाखवतो, आणि ते पत्र बहुधा खरे असते. त्या पत्रावर सही करणारा जेथे बसतो तेथपर्यंत आपली मागणी पोचली पाहिजे.

म्हणून काही गोष्टी मला तातडीच्या वाटतात. पहिली, पुरवठा-करारांतील न्याय हा श्रमिक चळवळीचा विषय मानावा : मागाहून भाव कापण्यास मनाई, नकाशाबदलाचा खर्च बदल करणाऱ्यावर, आणि पैसे थकवणाऱ्याविरुद्ध पुरवठादाराचे नाव उघड न करता तक्रार करण्याची सोय. दुसरी, गुणवत्तेच्या वा सुरक्षिततेच्या कारणासाठी यंत्र थांबवण्याचा कामगाराचा हक्क प्रत्येक वेतनकरारात लिहून घ्यावा आणि तो वापरल्याबद्दल कोणालाही कामावरून कमी करता येणार नाही, असे स्पष्ट कलम घालावे. तिसरी, एकाच मोठ्या कंपनीला पुरवठा करणाऱ्या निरनिराळ्या कारखान्यांतील कामगारांनी, आणि शक्य तेथे परदेशातील तिच्या कामगारांनीही, एकमेकांशी संपर्क ठेवावा. एव्हरेटचा संपकरी आणि मिहानचा कामगार यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरवण्यात कोणाचा लाभ आहे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

माझा विद्यार्थी त्या शिबिराचे प्रमाणपत्र घेऊन आला होता. ‘नाही’ कसे म्हणावे हे त्याला उत्तम येते असे त्यावर इंग्रजीत छापले होते. निघताना त्याने सांगितले, की त्या आठवड्यातच नवीन ड्रॉइंग आले असून मुदत पाच आठवड्यांची आहे. मी विचारले, “मग काय कळवलेस?” तो म्हणाला, “काय कळवणार, सर? हो.”